कमी होत गेलेलं आभाळ

वीज गेली तेव्हा कल्याण एका पुढाऱ्याच्या डोक्यामागचं आभाळ निळं करत होता. वाढदिवसाचा फ्लेक्स होता, सकाळी चौकात लागायला हवा होता, आणि पुढाऱ्याच्या मूळ फोटोत मागं नुसती सिमेंटची भिंत होती. दिल्ली गेटाजवळच्या परवेझच्या दुकानात कल्याण गेली कित्येक वर्षं हेच करत आला होता. भिंती काढायच्या, आभाळ घालायचं. स्क्रीन विझली, पंखा थांबला, इन्व्हर्टर जरा वेळ कण्हला आणि गप्प झाला. बाकीचे बोलत बोलत बाहेर गेले. परवेझनं दारातून हाक मारली, "कल्याणभाऊ, उकाड्यात काय बसलात? बाहेर या, टिपूर चांदणं पडलंय." कल्याण उठला, टेबलाच्या कडेला हात लावत दारापर्यंत आला आणि उंबऱ्यावर थांबला. बाहेर काही नव्हतं. काळोख होता असंही म्हणता येत नव्हतं. काळोखाला निदान काळेपणा असतो. समोरचं चहाचं दुकान, रस्ता, लावलेल्या गाड्या, परवेझ, सगळं कुणीतरी पुसून टाकलं होतं आणि त्या पुसलेल्या जागेतून माणसं निवांत बोलत होती. कुणी म्हणालं, पेपर वाचता येईल एवढा उजेड आहे. कुणी चहा सांगायला रस्ता ओलांडून गेलं. त्याच्या चपलांचा आवाज न अडखळता पलीकडं पोचला. कल्याणनं हात पुढं केला. तो परवेझच्या बाहीला लागला. वळणावरून एक मोटारसायकल आली, तिच्या झोतात सगळा रस्ता एकदम जागच्या जागी उभा राहिला आणि ती गेल्यावर पुन्हा नाहीसा झाला. परवेझनं विचारलं, काय झालं? कल्याण म्हणाला, काही नाही, चष्मा आत राहिला. त्याला चष्मा नव्हता आणि परवेझला ते माहीत होतं.

वीज आल्यावर त्यानं पुढाऱ्याचं आभाळ पुरं केलं आणि दिव्यांच्या रस्त्यानं, नेहमीपेक्षा लांबच्या वाटेनं सावेडीला घरी गेला. जेवला नाही. गच्चीवर जाऊन उताणा पडला आणि वर बघत राहिला. चंद्र दिसत होता. चंद्राशेजारी एक ठिपका होता, तो बहुधा गुरू. बाकी काही नाही. यात नवीन असं काही नव्हतं आणि तेच आता त्याच्या छातीत रुतून बसलं. गेली चार-पाच वर्षं तो सगळ्यांना सांगत होता की आभाळातले तारे कमी होत चाललेत. ढाब्यांचे झोत, मंगल कार्यालयांच्या माळा, डोंगरावरच्या पवनचक्क्यांचे लाल दिवे, या सगळ्यांना तो मनापासून शिव्या द्यायचा. एका कॉलेजात त्याला यावर बोलायला बोलावलं होतं. त्यानं मोठ्या पडद्यावर आपण काढलेले रात्रीच्या आभाळाचे फोटो दाखवले होते आणि हे सगळं आपल्या डोळ्यांदेखत चाललंय, असं म्हणाला होता. पोरांनी टाळ्या वाजवल्या होत्या. आता गच्चीवर पडल्या पडल्या त्यानं मोबाईल काढून गेल्या उन्हाळ्यातला एक फोटो उघडला. माळ होता, एक वाळकं हिवराचं झाड होतं, आणि वर आभाळ नुसतं सांडलं होतं, तांदूळ पाखडताना सांडावेत तसं. हा फोटो घेताना आपण काय बघितलं होतं, हे तो आठवू लागला. त्याला एवढंच आठवलं की त्या रात्री आभाळ साधारणच वाटलं होतं. कॅमेऱ्याला डोळ्यापेक्षा जास्त दिसतं, हे तर कुठल्याही फोटोग्राफरला माहीत असतं. पण ते जास्त म्हणजे किती जास्त, आणि आपल्या बाबतीत ते कधीपासून वाढत गेलं, हे त्यानं कधीच तपासलं नव्हतं. तारे जागेवर होते. कमी तो होत होता.

त्याला पहिल्यांदा राग आला तो या गोष्टीचा. भीती नंतर आली. दुसरं कुठलंही दुखणं त्यानं समजून घेतलं असतं. पाठ गेली असती, गुडघे गेले असते, फ्लेक्सच्या शाईनं छाती गेली असती, तर ठीक होतं. पण रात्र हीच एक गोष्ट त्यानं स्वतःची म्हणून कमावली होती. तिसगावच्या वरच्या अंगाला जी उघडी टेकाडं आहेत, त्यांच्या पायथ्याच्या वस्तीवर तो जन्मला. अर्धं बालपण तिथं गेलं आणि अर्धं आईवडिलांबरोबर ऊसतोडीला राहात्याकडं, उसाच्या फडात, पाचटाच्या कोपीत. हिरव्या मुलखात त्याला कधी करमलं नाही. तिकडं ऊस डोक्याच्या वर असायचा, कारखान्याचा धूर त्याच्याही वर, आणि आभाळ म्हणून जे उरायचं ते पडक्या पत्र्याएवढं. तोडीचा हंगाम संपून पट्टा पडला की ट्रॅक्टरमधून परत यायचं आणि करंजीचा घाट उतरला की एकदम सगळं मोकळं व्हायचं. झाड नाही, पाणी नाही, आडवं येणारं काही म्हणून नाही. पहिला कॅमेरा हातात आल्यावर तो तिथंच गेला. दिवसा ऊन पिऊन पिऊन पिवळी पडलेली ती जमीन रात्री निळसर दिसते, तलावाच्या तळाच्या भेगा नदीच्या फाट्यांसारख्या दिसतात, हे त्यानं एकट्यानं शोधून काढलं होतं. पुण्याच्या एका प्रदर्शनात एक गृहस्थ त्याच्या फोटोसमोर बराच वेळ थांबले आणि म्हणाले, वा, राजस्थानला कुठं? कल्याणनं सांगितलं, पाथर्डी तालुका. गृहस्थ हसले, त्यांना तो विनोद वाटला. संयोजकांनी नंतर बाजूला घेऊन सुचवलं की नुसतं 'वाळवंट' असं नाव दिलं तर बरं, लोकांचा गोंधळ होतो. कल्याणनं तिथल्या तिथं पेन काढून फोटोखालच्या पट्टीवर मोठ्या अक्षरात गावाचं नाव लिहिलं होतं. होऊ दे गोंधळ. आपल्या जमिनीला लोकांनी आजवर दुष्काळी म्हटलं, मागास म्हटलं, आता ती देखणी आहे म्हटल्यावर ती दुसऱ्याची कशी होते?

डॉक्टरांकडं बायको, राजेश्वरी, बरोबर आली. ती शाळेत शिकवते. पोरांच्या चेहऱ्यावरून खोटं ओळखायची तिला सवय आहे, म्हणून तिला चष्म्याची वगैरे गोष्ट सांगून उपयोग नव्हता. डॉक्टरांनी थेंब घालून, यंत्रावर हनुवटी टेकवायला लावून, बराच वेळ डोळ्यांच्या आत बघितलं. मग अगदी सभ्य, सपाट आवाजात समजावलं की पडद्याच्या कडेच्या पेशी मरत चालल्यात. अंधारात बघायचं काम त्यांचं असतं. आधी रात्र जाते, मग दोन्ही बाजू जातात, मधलं बहुतेक बरीच वर्षं टिकतं. औषध नाही. रात्री गाडी चालवायची नाही, दिवसाही जपून. हे घराण्यात येतं, आईवडिलांपैकी कुणाला आहे का? कल्याण म्हणाला, नाही, कुणाला नाही. बाहेर आल्यावर राजेश्वरीनं त्याच्या हातातून गाडीची किल्ली घेतली आणि स्वतःच्या पर्समध्ये टाकली.

भांडण त्या दिवशी झालं नाही, आठवडाभरानं झालं, अमावस्या जवळ आली आणि तो माळावर जायला कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या चार्जिंगला लावू लागला तेव्हा. राजेश्वरी आधी शांतपणे बोलली. मग म्हणाली की तिथं वाट नाही, विहिरींना कठडे नाहीत, बिबट्याच्या बातम्या रोज येतात, आणि उद्या कुठल्या खड्ड्यात पडलात तर ते आभाळ येणार आहे का उचलायला? त्यानं सांगितलं की गाडी चालवणार नाही, तेवढा शब्द देतो. पण माळावर जाणार. तिच्या मनात काही वाईट नव्हतं, हे त्याला तेव्हाही कळत होतं. ती म्हणाली, "पण कशाला जायचं? तुम्हाला दिसत तर नाही काही."

हे वाक्य कुणीतरी कधीतरी म्हणणार, हे त्याला गच्चीवरच्या त्या रात्रीपासून माहीत होतं. फक्त ते इतक्या हळू आवाजात येईल असं वाटलं नव्हतं. त्याच्या डोक्यात एकदम बऱ्याच गोष्टी उठल्या. आपण परवेझला परवा सांगितलं तेव्हा त्यानं खुर्ची दिव्याखाली सरकवून दिली, ती त्याची माया. कॉलेजातल्या सरांनी फोनवर 'अरेरे' म्हटलं, ती त्यांची. सगळे जण हळूहळू, आपल्याला न दुखवता, त्या माळावरून आपल्याला खाली उतरवत होते. आणि आपणही उतरत होतो. आठवडाभर शहाण्यासारखे दिवसाउजेडी घरी येत होतो. तो राजेश्वरीला म्हणाला, "मला दिसत नाही म्हणून तिथं काही नाही, असं थोडंच आहे?" दुसऱ्या दिवशी त्यानं कॅमेऱ्याची बॅग भरली तेव्हा ती दारात उभी होती. तिनं त्याला मदतही केली नाही आणि अडवलंही नाही.

निघण्याआधी त्यानं थोरल्या भावाला, अंगदला फोन केला होता. डोळ्यांचं सांगितलं. अंगद पलीकडून बराच वेळ हूं हूं करत राहिला आणि मग इतक्या सहज म्हणाला की जणू पावसापाण्याचं बोलतोय, "आईचं तसंच हाय की. तुला म्हाईत न्हाई व्हय?"

एसटीत खिडकीशी बसून तो हेच चघळत होता. मेहेकरी मागं पडली, घाट लागला. आईचं तसंच हाय. म्हणजे त्यानं आयुष्यभर जे बघितलं होतं, ते सगळं वेगळंच होतं. राहात्याच्या फडात संध्याकाळ झाली की आई त्याच्या सदऱ्याचा शेव धरायची. पाण्याला जाताना, चुलीसाठी पाचट आणताना, बैलांकडं जाताना, शेव सुटायचा नाही. पोरगं अंधारात हरवू नये म्हणून आई धरते, असं त्याला वाटायचं, आणि दुसऱ्या पोरांपुढं त्याला त्याची लाज वाटायची. तो हिसडा मारून पळायचा. मागं आई जागच्या जागी उभी राहायची. हाक मारायची नाही. तो परत येईपर्यंत नुसती उभी. त्याला आठवलं की पहाटे ट्रक भरायला यायचा. तिरपी फळी लावलेली असायची आणि बायामाणसं डोक्यावर उसाची मोळी घेऊन त्या फळीवरून वर चढायची. एकदा आई फळीवरून पडली. मनगट मोडलं, ते पुढं वाकडंच बसलं. मुकादम म्हणाला, सोंगं करते. वडील काही बोलले नाहीत, आणि बायका हसल्या. आणि नंतर एका पहाटे, मनगटाला फडकं गुंडाळून, आई पुन्हा मोळी घेऊन त्या फळीपाशी उभी होती. तो कोपीच्या तोंडाशी गोधडीत बसून बघत होता. त्याला स्वच्छ दिसत होतं. तेव्हा त्याला सगळं दिसायचं.

वस्तीवर पोचला तेव्हा दुपार होती. आई, दगडाबाई, ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. साठी उलटली होती. अंग वाळलं होतं, पण मान ताठ. तो अगदी पुढ्यात जाऊन उभा राहिला तेव्हा तिनं मान वर केली. बाजूनं आला असता तर तिला कळलं नसतं, हे त्याच्या आज पहिल्यांदा ध्यानात आलं. तो पाणी प्यायला, तिच्याजवळ बसला आणि आडपडदा न ठेवता विचारलं. आधी तिनं म्हातारपणावर ढकललं. तो म्हणाला, मलाही तेच झालंय. तेव्हा तिचे हात शेंगांवर थांबले. तिनं त्याचा चेहरा आपल्याकडं वळवला आणि त्याच्या डोळ्यांत बघितलं, डॉक्टरांनी बघितलं त्याहून जास्त वेळ.

"कळाया लागल्यापासनं हाय," ती म्हणाली. "मला वाटायचं समद्यांनाच आसं हुतं. रात म्हंजी दिसायचंच न्हाई. लगीन झाल्याव कळलं, बाकीच्यांना दिसतंय."

"मग सांगितलं का नाहीस कुणाला?"

"कुनाला सांगू? आंधळीला कोयत्याव कोन घेतंय?"

नवराबायको मिळून एक कोयता धरतात. बायको आंधळी निघाली तर कोयता मोडतो. हे त्याला समजावून सांगायची गरज नव्हती. त्यानं फळीचं विचारलं. पडल्यावर परत चढलीस कशी? भीती नाही वाटली? दगडाबाईनं पुन्हा शेंगा सोलायला घेतल्या. पायाला फळी म्हाईत हुती, म्हणाली. डोळ्याचं तिथं काय काम? मुकादम सोंग म्हणत होता, म्हणून तर चढायचंच होतं. वडलांना अखेरपर्यंत तिनं सांगितलं नव्हतं. अंगद मोठा होता, त्याचं त्यालाच कळलं.

मग कल्याणला एक गोष्ट सुचली आणि ती विचारायला त्याची जीभ रेटेना. इतकी वर्षं तो रात्ररात्र त्या माळावर उभा होता, आणि खाली या ओट्यावर आई असायची. "आई," तो म्हणाला, "म्हणजे चांदण्या?"

"कसल्या?"

"आभाळातल्या."

"आइकून हाय मी," दगडाबाई म्हणाली.

संध्याकाळच्या आत वर जायचं, उजेड आहे तोवर कॅमेरा लावायचा, लांबच्या डोंगरावर फोकस धरून भिंगाला पट्टी चिकटवायची आणि सकाळ होईपर्यंत जागचं हलायचं नाही, असा त्याचा बेत होता. येताना बसमध्येच ठरवला होता. अंधारात चालायचंच नाही म्हटल्यावर अंधार काय करणार? अंगदला तो वेडेपणा वाटला. बरोबर यावं तर त्या रात्री त्याला कांद्याच्या गाडीबरोबर जायचं होतं, आणि कल्याणला एकट्याला तो सोडणार नव्हता. तेव्हा दगडाबाई आतून घोंगडी घेऊन आली आणि म्हणाली, मी जाते. अंगद वैतागला. दोघंही तसलेच, बिबट्या आला तर बघणार कोण, म्हणाला. दगडाबाई पायात वहाणा सरकवत म्हणाली की बिबट्याला दिसतंय ना, तो बघंल.

राजेश्वरीचा फोन ते टेकाड चढत असताना आला. त्यानं लपवलं नाही. आई बरोबर आहे, सकाळी खाली येऊ, एवढं सांगितलं. मग तिनं विचारलं, पाणी घेतलंय का, अंगावर काय आहे, आणि शेवटी, रोजच्या आवाजात, उद्या शनिवार आहे, शाळा सकाळची आहे, सुटली की येते, म्हणाली. फोन ठेवल्यावर तो पुन्हा चालू लागला आणि काही पावलांनी त्याला कळलं की आईनं त्याच्या शर्टाचा शेव धरलाय. अजून ऊन होतं. त्यानं चाल हळू केली.

वर वारा होता. हिवराच्या अंगाला सपाट जागा बघून त्यानं ट्रायपॉड रोवला, पायांना दगड लावले, पलीकडच्या डोंगराच्या कडेवर फोकस घेतला, पट्टी चिकटवली. खाली सुकलेल्या तलावाचा तळ उन्हात पांढरा पडला होता. दगडाबाई घोंगडीवर बसून सगळं बघत होती. ऊन गेलं, रंग गेले, मग डोंगराची कड गेली. कल्याणला वाटलं होतं की आपण घाबरू. दुकानाच्या उंबऱ्यावर झालं तसंच होईल, याची तो वाट बघत राहिला. पण इथं कुणी पलीकडं चहा सांगायला जात नव्हतं. इथं जे दोघं होते, त्या दोघांनाही काही दिसत नव्हतं, आणि त्यातली एक आयुष्यभर अशीच होती, भाकरी करत, पाणी भरत, फळी चढत. त्याच्या डाव्या बाजूनं तिचा आवाज आला. पाय पसर, म्हणाली, आवळून बसलास का? दगडाला पाठ लाव. वारा कुठनं येतोय ते ध्यानात ठेव, म्हंजी तू कुठं बसलास ते कळंल. त्यानं पाय पसरले. पाठीला दिवसभराचा तापलेला दगड लागला. त्यानं चाचपून कॅमेऱ्याची वायर हातात घेतली, बटण दाबलं, आणि एक एक फोटो घेत राहिला, न बघता. कॅमेऱ्याची स्क्रीन त्यानं बंद ठेवली होती. कधी आई डुलकी घ्यायची, कधी तो. खाली कुठं कुत्रं भुंकलं, जवळून काहीतरी गवतातून सरसरत गेलं आणि दगडाबाईनं हातातला खडा त्या दिशेला टाकला. तो विचार करत होता की हे असंच चालणार. रात्र गेली, पुढं दोन्ही बाजू जातील. तरी मी येणार. कुणी आणलं नाही तर बसनं येणार, बस नसली तर चालत, उजेडात निघून. मी काय बघतो, हे विचारायचा कुणाला अधिकार नाही. मी काय घेऊन खाली उतरतो, ते बघा.

वारा पालटला, गार झाला. पूर्वेकडून आकाशगंगा वर आली असणार, असा त्यानं अंदाज केला. त्यानं कॅमेरा वळवून ठेवला, भिंग बराच वेळ उघडं ठेवून एक फोटो घेतला, आणि आईला हाक मारली. ती जागीच होती. त्यानं तिचा हात धरून तिला कॅमेऱ्यामागं आणलं आणि स्क्रीन लावली. त्या एवढ्याशा चौकोनाचा उजेड तिच्या तोंडावर पडला आणि त्याला तिचं तोंड दिसलं, सुरकुत्यांसकट. स्क्रीनवर काळा डोंगर होता, हिवराची फांदी होती, आणि त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत चांदण्यांचा जाडजूड पट्टा, कुठं दुधासारखा, कुठं तांबूस. चांदण्या शिंपडलेल्या नव्हत्या, ढिगानं होत्या. दगडाबाई वाकली. डोळा स्क्रीनच्या अगदी जवळ नेऊन तिनं एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत सावकाश सगळं बघितलं, तांदूळ निवडताना बघतात तसं.

"आत्ता हे वर हाय?" तिनं विचारलं.

"आहे. आपल्या डोक्यावर."

ती परत वाकली. परत सगळं बघितलं. मग सरळ झाली.

"एवढंच व्हय?" ती म्हणाली. "मला वाटलं हुतं, माझं बघायचं लई काय ऱ्हायलं."

कल्याण हसायला लागला. आधी आवाज न करता, मग मोठ्यानं, माळावर घुमेल असं, आणि त्याचे डोळे भरून आले तेव्हाही हसणं थांबलं नाही. दगडाबाईनं स्क्रीनचा उजेड डोळ्याला लागतोय म्हणून बंद करायला सांगितलं आणि अंधारातून, न चाचपता, आपल्या घोंगडीकडं परत गेली. त्यानं स्क्रीन विझवली. हातानं शोधत वायर धरली. आई बसल्याचा आवाज आला, तेव्हा त्यानं पुढच्या फोटोचं बटण दाबलं.